यूकेला निघालेल्या नर्सने कुठले इंग्रजी शब्द शिकावे?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालीस, दारव्ह्याकडच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहेस, शिक्षण मराठी शाळेत, आणि इंग्रजी ‘अॅडव्हान्स्ड’ व्हावं म्हणून जीआरईची (परदेशी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेची) शब्दयादी पाठ करून राहिली आहेस, असं लिहिलंस. ती वही आधी बाजूला ठेव. त्यातले बहुतेक शब्द इथे यूकेच्या वॉर्डात माझ्या कानावर कधी पडले नाहीत.

नोंदणीसाठी यूकेची नर्सिंग कौन्सिल, म्हणजे एनएमसी, इंग्रजीची परीक्षा मागते: आयईएलटीएस (सर्वसाधारण इंग्रजीची) किंवा ओईटी (खास आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची). माझं मत ओईटीला. त्यात ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी ग्रेड लागते, लिहिण्यात सी प्लस चालतो. अर्जाआधी नियम पुन्हा बघून घे.

बोलण्यात दोन रोलप्ले असतात. तू नर्स, समोरचा पेशंट नाहीतर नातेवाईक; तयारीला ३ मिनिटं, बोलायला साधारण ५. तिथे ‘एडिमा’ (सूज), ‘डिस्निया’ (धाप) म्हणून भागत नाही, समोरच्याला कळलं पाहिजे. लेखी परीक्षेतलं पत्र मात्र बहुतेक वेळा डॉक्टरला किंवा दुसऱ्या नर्सला जातं, १८० ते २०० शब्दांत, नेमक्या वैद्यकीय भाषेत. म्हणून वहीत दोन रकाने कर: एडिमा आणि स्वेलिंग, डिस्निया आणि शॉर्ट ऑफ ब्रेथ. तसं तू हे रोजच करतेस की! केसपेपरवर एक भाषा, बाकावरच्या आजीशी वऱ्हाडी.

साध्या रकान्यासाठी एनएचएसची (यूकेच्या सरकारी आरोग्यसेवेची) वेबसाइट रोज एक पान मोठ्याने वाच. तिथे लघवीला सरळ ‘पी’ लिहितात, आधी हसू येईल. इथले म्हातारे पेशंट त्याच्याही पुढचे: बरं नसलं की ‘पुअर्ली’, लघवीची तक्रार असली की ‘वॉटरवर्क्स’, बाथरूमला जायचं तर ‘स्पेंड अ पेनी’. हे शब्द क्लासमध्ये क्वचितच शिकवतात.

पाठांतराला मोबाइलवर अँकी हे फ्लॅशकार्डांचं अॅप घे. लाइन गेली, नेटवर्क गेलं तरी चालतं. कार्डावर सुटा शब्द नको, ड्यूटीवर बोलशील ते पूर्ण वाक्य लिही.

नागपूरच्या क्लासची फी भरण्याआधी ओईटीच्या साइटवरचे फुकट नमुना पेपर सोडव. आणि सेंटरवरच्या एएनएम ताईंना संध्याकाळी पेशंट व्हायला सांग. त्यांनी वऱ्हाडीत भांडावं, ‘गोळ्या नाही घेत जा!’, तू इंग्रजीत समजूत काढायची.