लेप्रोसिस एक, विषाणू अनेक. मग पीसीआर निगेटिव्ह आली तर?

तुमचे प्रश्न दोन आहेत असं धरतो. लिंबूवर्गीय झाडांवरचा लेप्रोसिस (सूक्ष्म कोळी, म्हणजे माइट, पसरवतात तो डागांचा विषाणूरोग) एकच रोग असेल तर त्याला इतके विषाणू कसे? आणि आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली की 'लेप्रोसिस नाही' असं प्रबंधात लिहायचं का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: अजिबात लिहू नका.

कोलंबियात नेमकं हेच झालं होतं. पानांवर, फळांवर लेप्रोसिसचे ठळक डाग, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीद्रवात हवे तसे कण, आणि सीआयएलव्ही-सी या नेहमीच्या लेप्रोसिस विषाणूच्या प्रायमरने (त्याच्या क्रमाशी जुळून चिकटणाऱ्या, चाचणीतल्या छोट्या डीएनए तुकड्याने) मात्र काहीच मिळेना. शेवटी रोगट पानांतल्या छोट्या आरएनएंचं डीप सिक्वेन्सिंग (सगळे क्रम एकदम वाचणं) केलं, तेव्हा वेगळाच विषाणू हाती लागला. त्याला आता सीआयएलव्ही-सी२ म्हणतात. जनुकांची मांडणी बरीचशी तशीच, पण न्यूक्लिओटाइडचा क्रम मूळ विषाणूशी निम्म्याच्या थोडाच पुढे जुळतो. एवढा फरक असल्यावर प्रायमर चिकटणार कुठे?

हे दोघे निदान एकाच प्रजातीगटातले तरी आहेत. लेप्रोसिस घडवणारे बाकीचे काही विषाणू तर कुळानेच वेगळे. सीआयएलव्ही-सी हा सिलेव्हायरस, कुळ किटाव्हिरिडी (ब्राझीलचे विषाणूतज्ज्ञ एलियट किताजिमा यांच्या नावावरून). जीनोम पॉझिटिव्ह आरएनएचा, दोन तुकड्यांत: पहिला साधारण ८,७०० न्यूक्लिओटाइडचा, दुसरा ५,००० च्या आसपास. पहिल्यावर आवृत्तीकरणाचं भलंमोठं प्रथिन आणि कवचाचं मानलं जाणारं पी२९; दुसऱ्यावर पी१५, पी६१, पेशीतून पेशीत जायला लागणारं पी३२ आणि पी२४ ही प्रथिनं. संपूर्ण क्रम २००६ मध्ये ब्राझीलमध्ये वाचला गेला. दुसरा गट डायकोराव्हायरसांचा, रॅब्डोव्हिरिडी कुळातला, म्हणजे रेबीजच्या विषाणूचे दूरचे भाऊबंद. त्यांचा जीनोमही दोन तुकड्यांचा, पण निगेटिव्ह आरएनएचा, आणि मुक्काम पेशीद्रवात नाही, केंद्रकात. सीआयएलव्ही-एन आणि ऑर्किड फ्लेक व्हायरसचे लिंबूवर्गीय प्रकार यातले. फ्लोरिडातला विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा लेप्रोसिस पुढे नाहीसा झाला. २०१५ मध्ये हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) जुन्या नमुन्यांतला आरएनए वाचला, तर तोही याच केंद्रकातल्या गटाचा निघाला.

मग डाग सारखेच का? माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात रंजक भाग हाच. हे विषाणू झाडभर पसरत नाहीतच. जिथे कोळ्याने सोंड खुपसली तिथेच डाग, आणि विषाणूही त्या डागापुरताच. डागातला बराचसा भाग झाडाच्याच प्रतिक्रियेचा असतो: विषाणू अडवताना पेशी स्वतःच मरतात. पी६१ एकटं प्रथिन तंबाखूच्या एका जंगली जातभाईच्या पानात तयार होऊ दिलं तरी तशीच पेशीमृत्यूची लक्षणं उमटतात. म्हणजे डाग पाहून मुख्यतः झाडाचं वागणं कळतं, विषाणूचं कूळ नाही.

पसरत का नाहीत, याचा एक धागा वंशावळीत सापडतो. किटाव्हिरिडीचे जवळचे नातलग म्हणजे नेगेव्हायरस, आणि ते डासांसारख्या संधिपाद प्राण्यांत सापडतात. पी२४ सारखं प्रथिन त्यांच्यातही आहे. त्यामुळे हा मुळात संधिपादांचा विषाणू, वनस्पतीत अर्धाच रुळलेला, असं मानायला जागा आहे. पी३२ मुळे शेजारच्या पेशीपर्यंत मजल जाते. पुढच्या फांदीवर जायला कोळीच लागतो. म्हणून तर ब्राझीलमध्ये डाग असलेल्या फांद्या छाटणं उपयोगी पडतं. ग्रीनिंग या झाडभर पसरणाऱ्या जिवाणूरोगात ते जमत नाही.

कोळ्याबद्दल थोडं, कारण जुने पेपर वाचताना गोंधळ होतो. ब्रेव्हिपाल्पस फिनिसिस या नावाखाली अनेक जाती एकत्र मोजल्या जात होत्या; २०१५ च्या वर्गीकरणानंतर सीआयएलव्ही-सीचा मुख्य वाहक ब्रे. योथर्सी ठरला. विषाणू अंड्यातून पुढे जात नाही, प्रत्येक पिढीने तो डागावरून नव्याने घ्यायचा. आणि ही कोळीण विचित्रच: कार्डिनियम नावाच्या जिवाणूमुळे नराविना वंश चालतो आणि माद्या हॅप्लॉइड असतात, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच, त्यात गुणसूत्रं फक्त दोन. कोळीनाशकाला प्रतिकार देणारं एखादं उत्परिवर्तन झालं तर ते झाकायला दुसरी प्रत नाही, लगेच असर दिसणार. एकच औषध वर्षानुवर्षं फवारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

झाडाच्या बाजूनेही आनुवंशिकता आहेच. गोड संत्रं, म्हणजे आपल्या मोसंबीची प्रजाती, सीआयएलव्ही-सीला सर्वाधिक बळी पडते. लिंबू आणि 'मर्कॉट' टँगोर (मँडरिन आणि गोड संत्र्याचा संकर) बरेच तग धरतात. मर्कॉट आणि 'पेरा' हे गोड संत्रं यांच्या संकरातून हा प्रतिकार मोजक्याच जनुकांवर असावा असं दिसलं. सीआयएलव्ही-सी आजवर अमेरिका खंडांतच आढळलाय, पण ऑर्किड फ्लेक हवाई बेटांवर जंबेरीवर आणि मँडरिनवर लेप्रोसिससारख्या डागांसोबत सापडला आहे. तेव्हा नमुना घ्याल तो डागाच्या कडेचा घ्या, निरोगी भागातला घेतलात तर निगेटिव्हच येईल. सी, सी२ आणि डायकोराव्हायरस यांचे प्रायमर वेगवेगळे लावा. तरीही काही मिळालं नाही, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कण पेशीद्रवात आहेत की केंद्रकात एवढं आधी बघून घ्या. पुढचा सिक्वेन्सिंगचा खर्च कुठे करायचा ते त्यावरून ठरवता येईल.