सोलापूरहून हिमालयातल्या ट्रेकला चाललोय. फोटोत बर्फावर नांगरटीसारख्या रेघा दिसतात, त्या कशाने पडतात?

वाऱ्याने. उन्हाळ्यात सीना किंवा भीमेच्या कोरड्या वाळूवर ज्या बारीक लहरी उठतात, तशाच सुक्या भुसभुशीत बर्फावरही उठतात, वाऱ्याला आडव्या. पण वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, बर्फाचे चिकटतात. वाऱ्याने आपटून बारीक झालेले कण काही तासांत घट्ट बसतात. मग तोच वारा मऊ भाग खरवडून नेतो, कडक भाग उरतो. अशा कोरलेल्या, उठावदार रेघांना 'सास्त्रुगी' म्हणतात. त्या वाऱ्याला समांतर असतात. टोकदार, खालून पोखरलेलं तोंड वारा येतो त्या बाजूला आणि निमुळता उतार मागे. म्हणजे वारा थांबला तरी त्याची दिशा वाचता येते.

तुमच्या कामाची गोष्ट हीच. वारा ज्या बाजूने आला, तिथला बर्फ खरवडलेला, कडक. उडालेला बर्फ डोंगराच्या धारेपलीकडच्या आडोशाच्या उतारावर साचतो, आणि तो थर खालच्या कमजोर थरावर नुसता टेकलेला असू शकतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलन बहुधा इथूनच सुटतं. पायाखाली पोकळ 'धप्प' आवाज आला किंवा बुटापासून भेगा पळाल्या, तर उतारावर पुढे जाऊ नका. आल्या वाटेने मागे फिरा आणि गाईडला सांगा.

उन्हाळी बर्फावरचे वाटीसारखे खळगे मात्र मुख्यतः उन्हाचे. त्यांवरून वाऱ्याची दिशा काढू नका.