वाचनाची सुरुवात कुठून करावी?
वाचनाची नुकतीच सुरुवात करत असाल, तर जाडजूड ऐतिहासिक कादंबरीला लगेच हात घालू नका. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ घ्या, कारण धनगरांच्या वस्तीवर आलेल्या कोवळ्या मास्तराची ती गोष्ट साध्या, आटोपशीर वाक्यांतून पुढे सरकते आणि दुष्काळापर्यंत येता येता वाचकाला त्या माणसांत गुंतवून टाकते. आत्मचरित्राकडे वळताना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ निवडा; पतीच्या धर्मांतराने संसार विस्कटलेला असतानाही लेखिका स्वतःवर हसू शकते, हे मला आजही विलक्षण वाटते. भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ ही कादंबरी मात्र (चाहते रागावतील) थोडी मागे राहिली तरी चालेल. वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल मत नोंदवताना नुसते ‘आवडले’ न लिहिता आपण नेमके कोणत्या प्रसंगापाशी थबकलो, तेवढे दोन ओळींत लिहा. कथानक सांगत बसू नका.