बोटांत स्नायू नसतात, मग पकड येते कुठून?

‘बोटांत स्नायू नसतात असं वाचलं. मग मूठ आवळते कशी? आणि पकड वाढवायला दंड कमवायचे का?’ असं तुम्ही विचारलंय.

वाचलंत ते बरोबर आहे. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे, पैलवानांचे हात रोजचेच. बोटांत हाडं, सांधे, नसा आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) असतात, स्नायू नाहीत. (अंगावर काटा आला की केस उभे करणारे बारीक स्नायू बोटांच्या पाठीवर असतात, ते सोडा.)

डाव्या पंजानं उजव्या कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा. कातड्याखाली वळवळतंय ते बोटांचं इंजिन. तिथून निघालेल्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातल्या अरुंद बोगद्यातून पुढे जातात: चार बोटांच्या आठ, अंगठ्याची एक, आणि त्यांच्यातच दाटीनं एक मज्जातंतू. बोटाला वाकवणाऱ्या दोन दोऱ्यांपैकी वरची मधल्या पेरावर थांबते. तिला मध्येच चीर असते, आणि खालची दोरी काजातून बटण निघावं तशी त्या चिरेतून निघून शेवटच्या पेरापर्यंत जाते. कॉलेजात हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी जेवताना मी स्वतःचीच बोटं निरखत बसलो होतो.

तळहातातही छोटे स्नायू आहेत, पण ते नाजूक कामाचे. जोर मुख्यतः कोपराखालचा. गंगावेशीत म्हशीची धार काढणाऱ्याचा हात बघा: दंड निवांत, खालचा भाग फुगतोय, बसतोय.

बेटकुळी दिसायला झकास, पण ती कोपराच्या जरा खालीच संपते, बोटांपर्यंत पोचतच नाही. तिचं काम कोपर दुमडणं आणि तळहात वर वळवणं. पकडीसाठी दोर चढा, फावड्यानं हौद, म्हणजे तालमीतला मातीचा आखाडा, खणा. तालमीतल्या जुन्या वस्तादांना हे शरीरशास्त्र न शिकता ठाऊक होतं. मनगट आत पूर्ण मुडपून मूठ आवळून बघा, आवळणारच नाही, कारण दोऱ्या आधीच सैल पडलेल्या असतात. समोरच्याची पकड सोडवायला पैलवान त्याचं मनगट मुडपतात ते याच्यासाठीच.

एक मात्र सांगतो. गेल्या वर्षी एक पोरगा आला. जोडीदाराचा जांघिया धरलेला, त्यानं हिसका दिला आणि याच्या करंगळीशेजारच्या बोटात ‘टक्’ झालं. लचकलं म्हणून तीन आठवडे तेल चोळत बसला. मी त्याचं मधलं पेर धरून ‘टोक वाकव’ म्हटलं. टोक हललं नाही. खालची दोरी हाडापासून सुटली होती. अशी सुटलेली दोरी तळहातापर्यंत आखडत जाऊ शकते, आणि जितका उशीर तितकं सर्जनला ती पुन्हा जोडणं अवघड. तेव्हा हिसक्यानंतर बोटाचं टोक वाकेना, तर तेल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.