2011 ची ऑडी टीटी घेऊन साताऱ्यात सांभाळता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला साताऱ्यात. पुण्यात 2011 ची ऑडी टीटी 2.0 टीएफएसआय क्वाट्रो (टर्बो पेट्रोल, चारही चाकांना ताकद) पाहिली आहे, नोंदणी मार्च 2012 ची, मीटरवर 68 हजार किलोमीटर, मागणी 11 लाख. रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी आहे, ही फक्त रविवारी कास-महाबळेश्वरसाठी. घ्यावी का, आणि घेतली तर सांभाळायची कशी?

घ्या. पण 11 लाख ही गाडीची किंमत नाही, तुमचं एकूण बजेट आहे असं धरा. त्यातले अडीच-तीन लाख पहिल्या तीन महिन्यांत तिच्यावरच खर्च होणार, म्हणून सौदा आठ-साडेआठच्या पुढे नेऊ नका. बॉडी चकाचक आणि सीटवर सुरकुती नाही म्हणून मालक जास्त मागत असेल, तर तिकडे लक्ष देऊ नका. या गाडीत पैसा जातो तो इंजिनच्या एका टोकाला असलेल्या टायमिंग चेनवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी), गिअरबॉक्सवर आणि पिस्टनच्या रिंगांवर. रंगाचं काम साताऱ्यातही होतं.

सुरुवात चेनपासून करा. 211 पीएसच्या या इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद असताना दाब नसतो, तेव्हा चेन सैल पडू नये म्हणून त्यात दातेरी खिट्टी असते. साधारण 2012 पर्यंतच्या टेन्शनरमध्ये ही खिट्टीच कच्ची निघाली. ती तुटली की सुरू करताना चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. आधी फारशी लक्षणंही दिसत नाहीत. म्हणून बिलावर नवीन टेन्शनर बसवल्याची नोंद नसेल, तर तो जुनाच आहे असं समजा.

गाडी सकाळी बघायला जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर दुसरा दिवस ठरवा. थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद डबा खडखडल्यासारखा आवाज आला, तर टेन्शनर किंवा चेन गेली. आवाज आला नाही तरी स्कॅनर लावा. साधा ब्लूटूथचा स्वस्तातला नको, ऑडीचे सगळे आकडे वाचणारा व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन हवा. इंजिन सुरू ठेवून मेझरिंग ब्लॉक 93 (स्कॅनरमधला आकड्यांचा एक गट) मध्ये कॅमशाफ्टची फेज पोझिशन दिसते, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा क्रँकच्या मानाने किती सरकलाय ते. आकडा शून्याच्या आसपास असेल तर ठीक. उणे 3-4 कडे सरकला असेल तर चेन लांबली आहे, आणि नुसता टेन्शनर बदलून भागणार नाही. चेन, गाइड आणि टेन्शनर असा पूर्ण सेट लागतो. हे काम करणाऱ्याकडे कॅम लॉक करायची टूल्स आहेत का ते आधी विचारा. अंदाजाने खुणा जुळवणारा मिस्त्री इथे चालत नाही. क्रँक हाताने उलटी फिरवणाराही चालत नाही, कारण उलट फिरवली की सैल टेन्शनरवरची चेन तिथेच दात सोडू शकते.

स्कॅनर लावलाच आहे तर सगळे मॉड्यूल वाचून घ्या. एकही दोषाचा कोड नाही, पण रेडिनेस टेस्ट (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) अपूर्ण दिसतात, याचा अर्थ कोड नुकतेच पुसले आहेत. कोड सापडला तर तो आला तेव्हा किती किलोमीटर झाले होते तेही बऱ्याचदा त्यातच नोंदलेलं असतं. मीटर मागे फिरवला असेल तर तिथे 90 हजार आणि समोर 68 हजार असं उघड पडतं.

दुसरं, ऑइल पिणं. या पिढीच्या इंजिनात ऑइल रिंग बारीक आहेत. त्यांची छिद्रं कार्बनने बुजली की ऑइल जळायला लागतं. कंपनी हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं म्हणते. माझ्या मते पाव लिटरच्या पुढे गेलं की काळजी सुरू करावी. पण लगेच इंजिन उघडायच्या गोष्टी करू नका. आधी व्हॉल्व्ह कव्हरवरचा पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह) बघा. त्यातला रबरी पडदा फाटतो, मग आयडल वर-खाली होतं, शिट्टीसारखा आवाज येतो आणि इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण आतून खेचल्यासारखं घट्ट बसतं. पी0171 (हवा जास्त, पेट्रोल कमी) हा कोडही त्यातूनच येतो. पीसीव्ही बदलून हजार किलोमीटर चालवा, डिपस्टिक सपाट जागेवर, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच मिनिटांनी बघा आणि आकडा लिहून ठेवा. तरीही पीत असेल तर नवे पिस्टन-रिंग हाच इलाज. घट्ट ऑइल टाकून धूर लपवणं हा इलाज नव्हे.

पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर काजळी चढते. सकाळी थंडीत पहिला मिनिटभर इंजिन थरथरतं, पी0300 (मिसफायरचा कोड) येतो, नंतर सगळं सुरळीत. टाकीत ओतायच्या कुठल्याही बाटलीने ही काजळी निघत नाही, कारण ते औषध व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा भाग) काढून अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्याने ब्लास्टिंग करावं लागतं. 68 हजारांवर ते एकदा करायचंच आहे असं धरा. मॅनिफोल्ड निघालेलाच असतो, तेव्हा फ्लॅपची मोटर (पी2015 कोड) आणि त्याखालचा वॉटर पंप त्याच वेळी बघून घ्या. पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं आहे, तडकतं आणि कूलंट गिअरबॉक्सवर उतरतो. वरून काहीच दिसत नाही, फक्त कूलंटच्या टाकीतली पातळी कमी होत राहते. पंपाला फिरवणाऱ्या छोट्या बेल्टच्या पुलीचा बोल्ट उलट्या आट्यांचा आहे. ते माहीत नसलेला माणूस तो पिळून तोडतो.

गिअरबॉक्स सहा गिअरचा, ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक आहे. सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजीची जी बदनामी तुम्ही ऐकली असेल ती याला लावू नका, हा बॉक्स दणकट आहे. पण 60 हजारांना त्याचं ऑइल आणि फिल्टर बदललेच पाहिजेत. बिल नसेल तर झालेलं नाही. ऑइल जी 052 182 याच स्पेसिफिकेशनचं हवं. बदलताना पाच ते साडेपाच लिटर जातं, सहा लिटर आणून ठेवा. ते खालून अडॅप्टरने चढवतात आणि लेव्हल इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्सचं ऑइल 35 ते 45 अंशांच्या दरम्यान असताना तपासतात. तापमान न बघता भरलं तर लेव्हल चुकते आणि दोष गिअरबॉक्सवर जातो. टेस्ट ड्राइव्हला कात्रजच्या चढावर न्या. मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर ठेवा, 2000 आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा उडी मारून पुढे गेला आणि वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतोय. न्यूट्रलमध्ये उभं असताना खडखड येत असेल आणि गिअर टाकल्यावर बदलत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं दुहेरी चाक) बघायला सांगा. क्वाट्रोचा मागचा हॅल्डेक्स कपलिंग (मागच्या चाकांना ताकद जोडणारा भाग) बहुतेक मालक विसरतात. त्याचं ऑइल एक लिटरपेक्षाही कमी लागतं, पण काळं झालेलं तसंच ठेवलं तर पंप जातो आणि गाडी गुपचूप फ्रंट व्हील ड्राइव्ह होते. 40 हजारांना बदलत जा. याच कारणासाठी चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच झिजेचे हवेत. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा वर्षांच्या वरचे टायर घेऊन पावसात केळघरचा घाट उतरू नका.

गाडी घरी आली की त्याच आठवड्यात इंजिन ऑइल बदला, मालकाने परवाच बदललं म्हणाला तरी. 5डब्ल्यू-40, डब्यावर व्हीडब्ल्यू 502 00 छापलेलं, फिल्टरसह 4.6 लिटर. पुढे कंपनीच्या 15 हजारांवर जाऊ नका. साडेसात हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. रविवारचीच गाडी असल्यामुळे तुमच्याकडे वर्षच आधी येईल. ब्रेक ऑइल डॉट 4, दर दोन वर्षांनी. पुढच्या 312 मिलिमीटरच्या डिस्क नव्या असताना 25 मिलिमीटर जाड असतात, 22 वर आल्या की बदलायच्या. स्पार्क प्लग आणि कॉइल एकदम नवे टाका, कूलंट गुलाबी जी12 जातीचाच ठेवा. नळाचं पाणी घालू नका.

आता साताऱ्याचं म्हणून वेगळं. कासच्या हंगामात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यवतेश्वरच्या चढावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. तिथे ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, क्लच तापतो. ब्रेकवर पूर्ण थांबा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की एकदम सरका. मी तर म्हणेन त्या रविवारी टीटी काढूच नका, सकाळी सहाला निघणार असाल तर गोष्ट वेगळी. पसरणीचा घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर मॅन्युअलमध्ये धरा, ब्रेकला विश्रांती मिळते. घाट चढून वर आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवा, मग बंद करा, म्हणजे टर्बोतलं ऑइल करपत नाही.

गाडीची पोटाखालची उंची कमी आहे. गावोगावचे गतिरोधक तिरके घ्या, आणि खालचं प्लॅस्टिकचं कव्हर स्क्रूसकट जागेवर आहे का ते विकत घेतानाच लिफ्टवर चढवून बघा. कव्हर नसलेल्या गाडीचं चेंबर किंवा गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियम घासलेलं असण्याची शक्यता जास्त. ऊस तोडणीच्या हंगामात रात्री कराड-सातारा रस्त्यावर दिवा नसलेली ट्रॉली कधी पुढ्यात येईल सांगता येत नाही. त्या चार महिन्यांत ही गाडी अंधारात बाहेर नको. पूर्ण मापाची स्टेपनी या गाडीत नाही, त्यामुळे पंक्चरचा प्लग किट आणि छोटा कंप्रेसर कायम आत ठेवा.

जून ते ऑगस्ट गाडी उभीच राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, ते हवेतली ओल शोषतं, आणि अर्ध्या टाकीत ओल धरायला जागा जास्त. 2011 ची गाडी या मिश्रणासाठी बनवलेली नाही, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या दर वर्षी हाताने दाबून बघा, कडक किंवा चिकट लागल्या तर बदला. टायरमध्ये तीन-चार पीएसआय हवा जास्त भरा, बॅटरीला मेंटेनर लावा. वायपरच्या खालच्या कप्प्यात झाडाची पानं साचून पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी केबिनमध्ये, तिथून वायरिंगमध्ये शिरतं. पावसाळ्याआधी आणि मध्ये एकदा हात घालून साफ करा. शेजारी शेत असेल तर उंदीर वायरी कुरतडतात. पंधरा दिवसांनी बॉनेट उघडत जा, आणि गाडी सुरू केलीच तर वीस मिनिटं चालवून आणा. नुसतं जागेवर पाच मिनिटं चालू ठेवलं तर ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओल तेवढी जमा होते.

कागदांत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पासिंग मार्च 2027 ला संपतं. मुदतीच्या आधी 60 दिवसांत फॉर्म 25 भरून, गाडी दाखवून पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं, पर्यावरण कर वेगळा. एप्रिल 2022 पासून 15 ते 20 वर्षांच्या मोटारीची नूतनीकरणाची फी 5 हजार आहे, आयात गाडीची 40 हजार. टीटी हंगेरीतल्या ग्योर इथे बनून आली, तिचा चासी नंबर टीआरयूने सुरू होतो. तेव्हा आरसीवर ती आयात म्हणून नोंदली आहे का ते साताऱ्याच्या (एमएच-11) आरटीओ कार्यालयात टोकन देण्याआधी विचारून घ्या आणि तो फरक सौद्यात धरा. चासी नंबरचं दहावं अक्षर बी असेल तर 2011 चं मॉडेल, सी असेल तर 2012 चं. महाराष्ट्रातलीच गाडी असल्यामुळे फॉर्म 29 आणि 30 वर नाव बदलतं, कर्ज होतं तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र. दिल्लीहून आलेली स्वस्त टीटी कुणी दाखवली तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स मिळवून हिशेब करा, ती स्वस्त राहत नाही. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

थंड इंजिन सुरू करतानाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ब्लॉक 93 चा आकडा लिहून घ्या. दोन्ही मला कळवा, मग चेन लगेच बदलायची की नुसत्या टेन्शनरवर भागेल ते सांगतो. टोकन त्यानंतरच द्या.