पहिल्या वेळी खोलवर फाटलं होतं, आता नॉर्मल की सिझर?

पहिल्या बाळंतपणात गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटलेलं असलं, की पुन्हा दिवस राहिल्यावर आनंदाच्या जोडीनं एक धास्तीही घरात येते. ती डॉक्टरांपुढे बोलली जात नाही, जावेशी किंवा मैत्रिणीशी कुजबुजली जाते. या विषयावर इंदूर आणि आसपासहून आलेली काही पत्रं नावं गाळून, थोडक्यात देते आहे.

प्रश्न : मी रामबागेत राहते, वय २९. पहिल्या वेळी बाळ बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला, बाळ ३.९ किलोचं होतं. 'खूप आतपर्यंत टाके घातलेत' एवढंच सांगितलं गेलं. आता पाचवा महिना आहे. त्रास काही नाही, पण लेबर रूमचं नाव काढलं तरी घाम फुटतो. सिझरच करून घेऊ का?

आधी जुनी फाईल शोधा. 'आतपर्यंत टाके' यावरून कुणालाच काही ठरवता येणार नाही. गुदद्वाराभोवती दोन गोल स्नायू असतात. बाहेरचा आपण स्वतः आवळू शकतो, आतला आपोआप आवळलेला राहतो. बाहेरचा अर्ध्यापेक्षा कमी फाटला असेल तर ३-ए, अर्ध्याहून जास्त असेल तर ३-बी, दोन्ही फाटले असतील तर ३-सी (या तिन्हींना थर्ड डिग्री म्हणतात), आणि आतड्याचं अस्तरही उघडलं असेल तर फोर्थ डिग्री. डिस्चार्ज कार्डावर यातलं काहीच नसेल, तर त्या हॉस्पिटलकडे ऑपरेशन नोट मागा. टाके लेबर रूममध्येच घातले की ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन भूल देऊन घातले, हेही त्यात कळतं.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं खरी द्या. चारचौघांत गॅस आला तर थांबवता येतो का? शौचाची घाई झाली तर दहा-पंधरा मिनिटं निभावता येतं का, की हातातलं काम टाकून पळावं लागतं? कपड्याला कधी डाग लागतो का? पहिल्या बाळंतपणानंतर काही महिने असं होत होतं आणि मग थांबलं, असं असेल तर तेही सांगा. अशा बायकांमध्ये दुसऱ्या नॉर्मल बाळंतपणानंतर त्रास परत येण्याची शक्यता जास्त दिसते.

यानंतर बोटानं तपासणी. शक्य असेल तर गुदमार्गातून सोनोग्राफी आणि स्नायूच्या दाबाची चाचणी. या सोयी सगळीकडे नसतात. मोठ्या हॉस्पिटलात पोटाच्या किंवा गुदविकारांच्या सर्जनकडे चौकशी करा. स्नायू नीट जुळलेला असेल आणि त्रास खरंच नसेल, तर नॉर्मलचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे. पुन्हा तसंच फाटण्याचं प्रमाण ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत शंभरात ५ ते ७ असं दिलं आहे. तिथल्या पहिलटकरणींमध्ये ते साधारण ६ आहे. म्हणजे धोका आहे, पण पहिल्या वेळी तो जेवढा होता त्याच आसपास.

मागच्या वेळी चिमटा आणि मोठं बाळ ही दोन कारणं होती. यातली एखादी टाळता येते का, हे बघू या. साखरेची तपासणी चुकवू नका. गरोदरपणातली साखर ताब्यात राहिली, तर बाळ अवाजवी मोठं होण्याचा संभव कमी होतो.

आता घामाबद्दल. ही भीती क्षुल्लक नाही. डॉक्टरांना ती याच शब्दांत सांगा. सगळं समजून घेतल्यावरही लेबर रूमची कल्पनाच सहन होत नसेल, तर सिझर मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यासाठी शारीरिक त्रास असलाच पाहिजे असं नाही.

प्रश्न : राजेंद्र नगर. मुलगी तीन वर्षांची आहे. तेव्हापासून गॅस अजिबात रोखता येत नाही, जुलाब झाले की कपडे खराब होतात. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता तिसरा महिना आहे. डॉक्टरांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं, कारण तीन वर्षं हे एकटीनं सोसायची गरजच नव्हती. खोल फाटलेलं नीट शिवलं, तर वर्षभरानं शंभरातल्या ६० ते ८० जणींना काही त्रास उरत नाही. म्हणजे बाकीच्यांना उरतो, आणि तुम्ही त्यांच्यातल्या एक आहात. यात तुमचं काहीही चुकलेलं नाही.

पुढच्या भेटीत सांगा. तोंडून निघत नसेल तर हेच पत्र कागदावर उतरवून फाईलच्या वर ठेवा. माझ्याकडे अशा चिठ्ठ्या येतात, आणि त्या वाचल्या की पुढचं बोलणं सोपं होतं. डॉक्टरांनी विचारायला हवं होतं, हे मी स्पष्ट म्हणते. मागचं बाळंतपण कसं झालं हे विचारताना शौचावर ताबा आहे का, हा प्रश्न प्रत्येकीला विचारला गेला पाहिजे.

तुमच्या बाबतीत माझा कल सिझरकडे आहे. त्रास चालू असताना पुन्हा नॉर्मल बाळंतपण झालं, तर उरलेल्या ताकदीवर आणखी भार पडतो. पण सिझरनं आजचा त्रास बरा होणार नाही. ते फक्त नवी इजा टाळण्याचा प्रयत्न करतं. आज जे आहे त्यासाठी व्यायाम आत्तापासूनच सुरू करा. गॅस अडवताना जसं आवळतो तसं आवळायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं. असं ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. मांड्या आणि पोट आवळलं जात असेल किंवा श्वास रोखला जात असेल, तर व्यायाम चुकतो आहे. ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. शौचाला बांधीव होईल असं खाणं ठेवा. फार तिखट-तेलकट खाल्ल्यानं पोट बिघडत असेल तर इंदूरच्या सराफा बाजारातली चाट काही महिने बाजूला राहू द्या. मुलं झाल्यानंतर गरज पडल्यास स्नायू पुन्हा शिवण्याचं ऑपरेशनही करता येतं.

नवऱ्याला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मला वाटतं, सांगावं.

प्रश्न : देवास. सुनेला मागच्या वेळी फोर्थ डिग्री टाके पडले. ती सिझर म्हणते. आमच्या वेळी घरीच व्हायचं सगळं, कुणाचं काही अडलं नाही. हल्ली डॉक्टर उगाच सिझर करतात ना?

काकू, विनाकारण सिझर होतात, ही तुमची तक्रार खोटी नाही. पण तुमच्या सुनेला कारण आहे. आणि 'कुणाचं काही अडलं नाही' म्हणताना जरा आठवून बघा. लग्नकार्याला न येणारी, सोवळ्यात कुणाला शिवू न देणारी, सतत लुगडं बदलणारी एखादी मावशी किंवा आत्या त्या काळीही असायची. तिला काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

फोर्थ डिग्रीनंतर तपासणीशिवाय कुठलाच हट्ट धरू नये, नॉर्मलचाही नाही. निर्णय सूनबाईंचा. तुमचा हातभार बाळंतपणानंतर मोलाचा ठरेल. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत घरात असेल तर ती सोडा. टाके असताना शौचाला कडक होणं सर्वांत वाईट. डिंकाचे लाडू द्या, पण भरपूर पाणी, भाज्या आणि डॉक्टरांनी दिलेलं शौच मऊ ठेवणारं औषधही द्या.

प्रश्न : लोकमान्य नगर. आम्हाला तीन मुलं हवी आहेत. दुसऱ्या वेळी सिझर केलं तर पुढे अडचण येईल?

ही गोष्ट आधीच बोललात ते चांगलं केलंत. सिझर जितकी जास्त, तितकी पुढच्या वेळी वार (प्लासेंटा) खाली, जुन्या व्रणावर बसण्याची आणि तिथे गर्भाशयात रुतण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वार खाली असलेल्या बायकांपैकी पहिल्याच सिझरच्या वेळी ती रुतलेली शंभरात सुमारे ३ जणींमध्ये आढळली, दुसऱ्या सिझरच्या वेळी ११ आणि तिसऱ्या वेळी ४० जणींमध्ये. वार खाली असणंच मुळात कमी जणींत घडतं, म्हणून घाबरू नका. पण त्रास नसेल, स्नायू मजबूत असेल आणि तिसरं मूल नक्की हवं असेल, तर पारडं नॉर्मलकडे झुकतं. फाटलेलं नंतर बिघडून पुन्हा शिवावं लागलं असेल, किंवा योनी आणि गुदमार्ग यांच्यात झालेलं भोक बंद केलेलं असेल, तर मात्र मी सिझरच सुचवते.

प्रश्न : सुदामा नगर. नॉर्मलचं ठरवलं आहे. मालीश करावी का? आणि पुन्हा फाटू नये म्हणून आधीच काप घेतात का?

मालीश ३४व्या आठवड्यानंतर करता येते. हात धुऊन, नखं कापून, साधं खोबरेल तेल लावून अंगठे योनीमार्गात ३-४ सेंटिमीटर आत ठेवायचे. खाली आणि दोन्ही बाजूंना ताण जाणवेपर्यंत दाबायचं, पाचेक मिनिटं. टाके टाळण्याचा फायदा मुख्यतः पहिलटकरणींमध्ये दिसला आहे. दुसऱ्या वेळी नंतरचं दुखणं कमी होतं, एवढं म्हणता येईल. वार खाली असेल, रक्त जात असेल, पाणी गेलं असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तर करू नका.

याहून जास्त उपयोग लेबर रूममध्ये होतो. जोर लावण्याच्या वेळी खालच्या भागावर कोमट पाण्यात पिळलेला कपडा धरल्यानं खोल फाटण्याचं प्रमाण कमी होतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. डोकं बाहेर येताना डॉक्टर किंवा सिस्टरनं हातानं आधार द्यावा, आणि तुम्ही जोर थांबवून धापा टाकत डोकं सावकाश येऊ द्यावं. काप सरसकट घेऊ नये. त्यानं पुन्हा फाटणं टळतं, असं सिद्ध झालेलं नाही. गरज पडलीच तर तो मधून सरळ खाली नको, बाजूला सुमारे ६० अंशांत हवा. हे सगळं आधीच फाईलवर लिहून घ्या. कळा सुरू असताना ड्यूटीवर कोण असेल, ते आपल्या हातात नसतं.

प्रश्न : उज्जैन. सिझरची तारीख इंदूरची ठरली आहे. त्याआधीच कळा आल्या तर?

ठरवून केलेलं सिझर साधारण ३९ आठवड्यांच्या सुमाराला करतात, त्यामुळे हे घडू शकतं. कळा नियमित झाल्या किंवा पाणी गेलं, की वाट बघू नका. हॉस्पिटलला फोन करून निघा. दुसरं बाळंतपण सहसा पहिल्यापेक्षा कमी वेळात होतं. शेवटचे दोन-तीन आठवडे इंदूरला कुणाकडे राहणं जमत असेल तर उत्तम. उज्जैनच्या जवळच्या हॉस्पिटलातही एकदा फाईल दाखवून ठेवा. पोहोचेपर्यंत डोकं अगदी खाली आलं असेल, तर त्या क्षणी सिझर अवघड होतं आणि त्याचा फायदाही फारसा उरत नाही. तेव्हा सांभाळून नॉर्मल करणंच बरं. 'मागच्या वेळी थर्ड डिग्री होती, अनुभवी डॉक्टर बोलवा आणि नंतर गुदद्वारातून बोटानं तपासून मगच टाके घाला,' हे वाक्य नवऱ्याला आणि आईला पाठ करायला सांगा. फाईलच्या पहिल्या पानावर ते लाल पेनानं लिहून घ्या.