मोडक्या भिंतींपुढे चपला का काढायच्या?

प्रिय अन्वी,

रायगडावर राजसदरेत शिरताना चपला काढायच्या असं आजोबांनी फोनवर सांगितलं आणि तू लगेच विचारलंस, "तिथे देव नाही, छप्परसुद्धा नाही. मग कशाला?"

कारण ती महाराजांची बसायची जागा आहे. 6 जून 1674 ला, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, तिथेच राज्याभिषेक झाला. आपण कुणाच्याही घरात उंबऱ्याशी चपला काढतो, घरधनी बाहेर गेलेला असला तरी काढतो. सदरेचंही तेच. छप्पर नाही, कारण 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि वरचं सगळं लाकूडकाम जळून गेलं. जे दगडी होतं ते उरलं.

म्हणून गडावर भिंती शोधू नकोस, जोती बघ. जोतं म्हणजे घराचा दगडी पाया. राणीवशात ओळीने जोती आहेत. एकेका महालाच्या मागच्या बाजूला जा, तिथे दगडी शौचकूप आणि पाणी वाहून नेणारी मोरी दिसेल. साडेतीनशे वर्षांपूर्वी घरात संडास! हे बघितलंस की त्या चौथऱ्यावर माणसं राहत होती हे आपोआप पटेल.

आता चढायचं कसं ते. आदल्या रात्री पाचाडला मुक्काम आणि सकाळी सहाला चित दरवाजापासून सुरुवात. पायऱ्या चौदाशेहून जास्त आहेत आणि एकसारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे घाई केली की पोटऱ्या भरून येतात. तुझ्या चालीने दोन तास धर. माणशी दोन लिटर पाणी घ्या. वाटेत गावातल्या मावश्या ताक आणि लिंबू सरबत घेऊन बसतात, त्यांच्याकडून जरूर घ्या. डिसेंबर असला तरी अकरानंतर ऊन लागतं आणि होळीच्या माळावर सावली मुळीच नाही. सदर साडेदहाच्या आत बघून घ्या, नाहीतर दगड तापतो, अनवाणी पाय भाजतात आणि लोक पटकन चपला चढवतात.

आजीचे गुडघे दुखतात, ती हिरकणीवाडीहून रोपवेने येईल. चार-पाच मिनिटांत वर. तू मात्र चालतच जा. रोपवे मेणा दरवाज्यापाशी, म्हणजे राजवाड्याच्या मागच्या अंगाला सोडतो, आणि मग गड उलटा बघितला जातो. खरी वाट महादरवाज्यातून आहे. त्याचे दोन बुरूज, एक सुमारे 75 फूट, दुसरा 65 फूट, असे एकमेकांना वळसा घालून उभे आहेत की अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. शत्रूला सरळ धावत येऊन दार फोडता येऊ नये म्हणून ही बांधणी. या वाटेने हत्ती वर कसे आणले असतील, याचं राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलाला नवल वाटलं होतं. चढताना तू पण विचार कर.

सदरेत नगारखान्यातून शिर. नगारखाना ते सिंहासनाची जागा हे अंतर जवळजवळ 220 फूट. आजोबांना सिंहासनाच्या बाजूला उभं कर, तू नगारखान्यात थांब आणि त्यांना हळू बोलायला सांग. ऐकू येतं. मात्र गर्दी व्हायच्या आधी करून बघा.

मुजरा असा: कमरेत वाकायचं, उजवा हात खाली नेऊन कपाळाशी आणायचा, तीनदा. मग लगेच पाठ फिरवायची नाही, चार पावलं मागे सरकायचं. कुणी ललकारी देत असेल तर ती संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. फोटो नंतर.

बाजारपेठेत दुकानांच्या दोन रांगा आहेत, प्रत्येकीत 22. तिथून जगदीश्वराच्या देवळाकडे जा. तिथे एका पायरीवर वाकून बघ, अक्षरं कोरलेली आहेत: "सेवेचे ठायी तत्पर" आणि पुढे हिरोजींचं नाव. हिरोजी इंदुलकरांनी हा गड बांधला. एवढं काम करून त्यांनी नाव मागितलं ते पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. त्या पायरीवर चपला ठेवू नकोस, लोक सर्रास ठेवतात. जवळच महाराजांची समाधी आहे, तिथे हळू आवाजात बोल.

उतरताना पाय किंचित तिरके टाक, म्हणजे गुडघ्यावर भार कमी येतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून खाली आणा.

खाली आल्यावर लगेच गाडीत बसू नका. पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. वरची थंड हवा त्यांना मानवत नसे म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला होता, असं सांगतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्या गेल्या. तिथेही चपला बाहेर.

तुझी,
आई